एकोणसाठच्या बायका

शेरा तीनच वाक्यांचा होता. परत आलेल्या नोंदींमध्ये शेऱ्याचा रकाना बहुतेक वेळा रिकामाच असतो. कोणी 'तपासले' लिहितं, कोणी 'ठीक', एकाने तर गेली सहा वर्षं नुसतं एक टिंब देऊन भागवलं होतं. त्यामुळे सोमवारी सकाळी, चहा अजून गरम असताना, स्क्रीनवर पूर्ण वाक्यं दिसली तेव्हा आधी तिला वाटलं, कोणाचं तरी खाजगी पत्र चुकून इथे येऊन पडलं. 'वय बरोबर आहे, चौसष्ट. बाई माझ्यासमोर बसली आहे. नेहमीसारखं एकोणसाठ लिहू का विचारलं, तर नको म्हणाली.' तिने ते वाचलं, चहाचा घोट घेतला, पुन्हा वाचलं. बाई समोर बसली आहे. एकोणीस वर्षांत या स्क्रीनवर बसलेलं असं कोणी आलंच नव्हतं. लाखावर माणसं येऊन गेली असतील, पण ती सगळी आडवी, एकेका ओळीत मावणारी. खुर्चीवर बसून नको म्हणणारी ही पहिलीच. मग 'नेहमीसारखं' या शब्दापाशी तिची नजर अडखळली आणि तिने कप बाजूला ठेवला.

अकरा देशांनी मिळून चालवलेलं ते कार्यालय. दर तीन महिन्यांनी प्रत्येक देशाकडून एक यादी यायची: त्या तिमाहीत ज्यांच्या रक्तात एचआयव्ही नव्याने सापडला अशा माणसांची. नावं नाहीत. स्त्री की पुरुष, वय, दवाखान्याचा क्रमांक, तपासणीची तारीख, आणि रक्तातल्या एका जातीच्या लढाऊ पेशींची संख्या. ती संख्या साडेतीनशेच्या खाली असली की 'उशिरा निदान', दोनशेच्या खाली असली की 'फार उशिरा'. म्हणजे विषाणू अंगात येऊन वर्षं लोटली, आणि तेवढ्या वर्षांत कोणाला साधं बोटाला टोचून बघावंसं वाटलं नाही. या याद्या निवडायच्या, खडे वेचून बाजूला करायचे, हे तिचं काम. ऑफिसात तिला मागून चाळणीबाई म्हणत, ते तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. अकरा देशांच्या अकरा खोडी तिला पाठ. एक देश तारखा उलट्या लिहायचा, एक वयाच्या जागी जन्मसाल ठोकून द्यायचा, एक इतका टापटिपीचा की संशय त्याचाच जास्त यायचा. घरी नवरा म्हणायचा, तुला शेजारच्यांचं आडनाव सांगता येत नाही आणि अकरा देशांच्या चुका पाठ. ती म्हणायची, शेजारी मला यादी पाठवत नाहीत.

आता नियम सतरा. तो तिनेच लिहिलेला. पस्तिशीची होती तेव्हा, नवी, हुशार, आणि हुशारी दाखवायची खुमखुमी असलेली. एका देशाच्या यादीत दोन रकाने सरकले होते, दवाखान्याचा क्रमांक वयाच्या जागी जाऊन बसला होता, आणि एका तिमाहीत त्या देशात सत्तर-बहात्तर वर्षांच्या दीडशे म्हाताऱ्या उगवल्या होत्या. ती चूक तिने पकडली. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्याच दुपारी तिने तपासणीच्या यंत्रात एक अट घातली: स्त्री असेल आणि वय साठ किंवा पुढे असेल, तर नोंद परत पाठवा, 'वयाची खातरजमा करावी'. तीन महिन्यांत उत्तर नाही आलं तर नोंद 'अनिर्णित'. तेव्हा शेजारच्या टेबलावरून नकाशावाला म्हणाला होता, "आणि खरंच साठीची बाई असली तर?" नकाशावाला म्हणजे आकड्यांचे नकाशे आणि आलेख काढणारा, तिच्याच वयाचा, तोंडाने फटकळ. ती हसली होती. "साठीच्या बाईला कसला आलाय एचआयव्ही," असं म्हणाली होती. ते हसणं तिला आत्ता, एकोणीस वर्षांनी, स्वतःच्या तोंडाचा आवाज ऐकावा तसं ऐकू आलं. आणि त्या हसण्यात तिची आई होती, मावशी होती, घरातल्या साऱ्या पोक्त बायका होत्या, ज्यांनी साठीनंतर बाईला अंगच नसतं असं एकमताने ठरवून टाकलेलं.

तिने यंत्राला एकोणसाठच्या आसपास वय असलेल्या बायकांच्या ओळी काढायला सांगितलं. अकरा देश, गेली दहा वर्षं. अठ्ठावन्नच्या एक्केचाळीस. साठच्या सात. एकोणसाठच्या दोनशे बारा. हे तिला नवं नव्हतं, हीच तर गंमत. नकाशावाल्याच्या आलेखात तिथे दरवर्षी एक उंच खांब यायचा आणि त्याच्या पुढे एकदम मैदान. त्याला ते दोघं धुराडं म्हणायचे. एका वर्षीच्या अहवालात तर त्यांनी धुराड्यावर परिच्छेद लिहिला होता, की जन्मतारीख ठाऊक नसलेल्या स्त्रिया अंदाजे वय सांगत असाव्यात. छापून आलं होतं ते. कुणी विचारलं नव्हतं, की बाई वय अंदाजाने सांगेल तर साठ सांगेल, पन्नास सांगेल, एकोणसाठ कशाला सांगेल?

"अहो, इकडे या जरा," तिने नकाशावाल्याला हाक मारली. "धुराडं आपण बांधलंय."

तो आला, वाकून शेरा वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. "परत येऊ नये म्हणून लिहितात एकोणसाठ," तो हळूच म्हणाला. "दवाखान्यात रांग लागलेली असते, त्यात वरून कागद परत आला की सगळं पुन्हा. कोण झंझट करतंय. आणि ज्यांनी खरं लिहिलं त्या तुमच्या अनिर्णितात." मग जाता जाता, खोडी काढायची म्हणून नव्हे, सवयीनेच, "मी विचारलं होतं बरं का तेव्हा."

"माहीत आहे," ती म्हणाली.

अनिर्णितात सहाशे चाळीस होत्या. त्या उघडून ती वाचत बसली, आणि वाचता वाचता पेशींच्या रकान्यातले आकडे एकामागून एक खाली जात राहिले. एकशे ऐंशी. नव्वद. एकशे चौदा. चाळीस. उशिरा निदानाचा जो आकडा ती दरवर्षी अकरा देशांना पाठवायची, त्यात यातली एकही नव्हती. म्हणून देशांना वाटलं, वयस्क बायकांत हा आजार नाही. म्हणून डॉक्टरांना कोणी सांगितलं नाही. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही. आणि विचारलं नाही, म्हणून त्या उशिरा सापडल्या, आणि सापडल्यावर त्यांचं वयच खोटं ठरलं.  रागावायला कोणी दुसरं मिळालं असतं तर बरं झालं असतं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

आणि मग, कसलाही संबंध नसताना, तिला ताईचा कोट दिसला. तपकिरी, लोकरीचा, वर्षानुवर्षांचा. काल रविवारी ताई त्याची शिवण आत घेत बसली होती. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, बासष्टची, जन्मभर शाळांचे गणवेश शिवणारी. चार यंत्रांचा कारखाना होता, आता एकच यंत्र उरलं, खिडकीपाशी. "पुन्हा सैल झाला?" हिने विचारलं होतं. "चौथ्यांदा," ताई म्हणाली, तोंडात टाचण्या धरून. आत घेतलेलं कापड तिने कातरलं मात्र नव्हतं, आतल्या बाजूला दुमडून टाके घातले होते, आधीच्या तीन वेळचंही तसंच. "काप की ते, जाड लागेल." "कापत नसते मी. मापं काय, बदलतात." चौदा महिन्यांत चार शिवणी. आधी कमरेवर नागीण आली होती, आग आग व्हायची. मग जिभेवर पांढरं, मग तो न जाणारा खोकला, मग रात्री उशी ओली. डॉक्टरांकडे हीच घेऊन गेली होती तिला, तीनदा. "वय झालं आता," डॉक्टर म्हणाले होते, आणि साखर तपासली, क्षयाची तपासणी केली, छातीचा फोटो काढला, आणि शेवटी, "एकट्या राहता ना, मन लागत नसेल," म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. आणि ही शेजारच्या खुर्चीवर मान डोलवत बसली होती. ही, जिने 'उशिरा निदान' या विषयावर दहा अहवाल लिहिले, ज्यांत निदानाआधी रुग्ण कोणत्या तक्रारी घेऊन डॉक्टरांच्या दारात जाऊन आला होता त्याची यादीच असते. नागीण. जिभेवर पांढरं. वजन. खोकला. अकरा देशांना पाठवलेली यादी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आई म्हणायची, आणि म्हणताना नेहमी हिच्याकडेच बघायची.

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रस्त्यावर ऊन होतं, लोक आपापल्या कामाला चालले होते, एका दुकानदाराने फुटपाथ धुऊन काढला होता आणि ती त्या ओल्या फरशीवरून जपून चालत होती. वाटेत ती वाक्यं जुळवत होती. ताई, एक साधी तपासणी आहे. ताई, सगळ्यांचीच करतात आता. ताई, माझ्या कामाच्या संदर्भात. सगळी वाक्यं खोटी होती, कारण त्यांच्या मागे बटणवाला उभा होता. भावजी गेल्यानंतर दोनेक वर्षांनी तो दिसू लागला. ठोक बटणं विकणारा, उंच, जरा वाकलेला, हसताना डोळे मिटणारा. एकदा ही न कळवता गेली, तर मोठ्या टेबलावर दोघांनी बटणांचा ढीग ओतला होता आणि रंगाच्या छटा लावत होते, आणि ताई हसत होती. भावजींच्या हयातीत ही ताई कधी तशी हसली नव्हती. हिने पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली, "मी नंतर येते," म्हणाली, आणि नंतर चार वर्षं नंतरच येत राहिली. भांडण नव्हतं, फोन होते, पण सणावारीही जाणं कमी झालं. ताई बोलताना त्याला 'तो व्यापारी' म्हणायची आणि ही 'हो का' म्हणायची. पुढे तो मुलीकडे दूर गेला आणि तिकडेच छातीच्या आजाराने वारला. ती बातमीही ताईने 'व्यापारी गेला' एवढीच सांगितली, आणि हिने फोनवर विचारलं, "मग आता बटणं कुठून घेणार?" हे आठवून तिला भर रस्त्यात उभं राहावं लागलं. आपण असं म्हणालो होतो. सख्ख्या बहिणीला. तपासणी कर म्हणायचं तर आधी हे सगळं पुन्हा टेबलावर ओतावं लागणार होतं. आणि हिने म्हटलंच नाही, तर ताई अजून एखादी शिवण आत घेईल, मग अजून एक, आणि मग कोट लोंबत राहील खुंटीवर. तिला भीती वाटत होती, आजाराची नव्हे, ताईच्या तोंडाकडे बघण्याची. एवढ्या क्षुल्लक भीतीपायी माणसं मरतात, हे तिला आकड्यांत ठाऊक होतं.

ताईने दार उघडलं आणि म्हणाली, "सोमवारी? कोण गेलं?"

"कोणी नाही. बस तू."

"माझ्याच घरात मला बसवतेय," असं म्हणत ताई बसली. गळ्यात मापाची पट्टी होती, ती कायमच असायची. धाकटीने सुरुवात केली ती नियम सतरापासून. धुराडं सांगितलं, एकोणसाठ सांगितलं, समोर बसलेली बाई सांगितली. ताई लक्ष देऊन ऐकत होती, कारागीर दुसऱ्या कारागिराची चूक ऐकतो तसं. "म्हणजे माप तुझं चुकलं, आणि माणसं कापून बसवली त्यात," ती म्हणाली. "बरं. आणि हे सांगायला तू रजा काढून आलीस?"

"नाही. ताई, बटणवाल्याबद्दल मला माहीत होतं."

 ताईने पट्टी गळ्यातून काढली, बोटाला गुंडाळली, सोडली. "केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

"मग मी इतकी वर्षं व्यापारी, व्यापारी करत होते ते?"

"मी ऐकून घेत होते."

"बावळट," ताई म्हणाली, आणि कोणाला म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नसावं. मग खिडकीकडे बघत, "मला वाटायचं, तुला कळलं तर तू यायची बंद होशील."

"झालेच होते जवळजवळ."

"हो. ते कळत होतं मला."

 धाकटीने सरळ सांगितलं: नागीण, जीभ, खोकला, वजन, हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलेल्या यादीत आहे, आणि मला ते तुझ्या अंगावर दिसलं नाही, कारण तू माझी ताई आहेस आणि तू बासष्टची आहेस. असेलच असं नाही. पण बघायला हवं. मी तुझ्याबरोबर येते. तू नाही म्हणालीस तरी मी उद्या पुन्हा येईन, परवाही येईन.  ताईने विचारलं, "त्याला माहीत असेल का गं?" धाकटी म्हणाली, "बहुतेक नाही. त्यालाही कोणी विचारलं नसेल." ताईने मान हलवली. "चांगला होता तो," ती म्हणाली. हे वाक्य ती कुणापाशी तरी पहिल्यांदाच बोलत होती, आणि धाकटीने या वेळी 'हो का' म्हटलं नाही, "सांग ना," म्हणाली. संध्याकाळपर्यंत ताई त्याच्याबद्दल सांगत होती.

तपासणी केंद्र एका जुन्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला होतं. स्वच्छ खोली, एक टेबल, तीन खुर्च्या, हात धुवायचं बेसिन. तिथल्या नर्सने आधी सगळं समजावलं, संमती घेतली, सोबत कोण असावं ते विचारलं. "हिला असू दे," ताई म्हणाली. "आकडे तिला कळतात." बोट पुढे करताना नर्स म्हणाली, "थोडं टोचेल हं." "बाई, चाळीस वर्षं टोचून घेतेय," ताई म्हणाली, "तू टोच." मग वीस मिनिटं. इतक्या वर्षांत हिने कधी त्या वीस मिनिटांचा विचार केला नव्हता. तिच्या रकान्यात तारीख असायची, वेळ नसायची. ताई नर्सच्या पांढऱ्या डगल्याची शिवण निरखत होती आणि बाही कशी चुकीची बसवलीय ते सांगत होती, आणि नर्सही खांदा वळवून वळवून बघत होती. तपासणीच्या पट्टीवर एकीऐवजी दोन रेघा उमटल्या, म्हणजे विषाणू होता. दुसऱ्या पद्धतीने तपासलं, तिसऱ्या पद्धतीने तपासलं, तेच आलं. ताईने डोळे मिटले. धाकटीने तिचा हात धरला, आणि तो हात किती हलका झालाय ते तिला तेव्हा कळलं, कारण एवढ्या वर्षांत तिने तो धरलाच नव्हता. चार दिवसांनी पेशींची संख्या आली, एकशे चौसष्ट. तिथली डॉक्टर तरुण होती, सावकाश बोलणारी. "उशीर झाला हे खोटं सांगणार नाही," ती म्हणाली. "आधी छातीतला संसर्ग बरा करू. मग रोज एक गोळी, न चुकता. विषाणू दबतो, पेशी वाढतात, माणूस आपलं वय पूर्ण जगतो. माझ्याकडे तुमच्याहून कमी आकड्याच्या बायका चालत येतात, आणि वर मलाच खाण्यापिण्यावर रागावतात." ताई म्हणाली, "नाव घालून ठेवा माझं त्यांच्यात."

मग नर्सने कागद पुढे ओढला. स्त्री, पुरुष, तिथे खूण केली. तारीख घातली. "वय?"

"बासष्ट."

नर्सचं पेन थांबलं. "एकोणसाठ लिहू का?" ती अगदी मायेने म्हणाली, ओळखीच्या माणसाला आडवाट दाखवावी तशी. "साठच्या पुढे लिहिलं की वरून परत येतं. मग तीन-तीन महिने नुसता कागदांचा घोळ. तुमच्या उपचाराला काही फरक नाही पडत."

ताईने मान वळवून धाकटीकडे पाहिलं. धाकटीला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. ताईच्या डोळ्यांत मात्र राग नव्हता, लहानपणी हिचं चुकलेलं गणित मास्तरांपासून लपवताना असायचा तो भाव होता.

"बासष्टच लिही," ताई म्हणाली. "वर माझी धाकटी बसते."

नर्स एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. "परत येणार नाही," धाकटी कशीबशी म्हणाली. "मी बघते." नर्सने बासष्ट लिहिलं.

नियम काढायला एक मिनिट लागलं, आणि पत्र लिहायला दोन दिवस. विभागप्रमुखांनी मसुदा वाचला, 'चूक' या शब्दाखाली रेघ मारली, म्हणाले, "इथे 'सुधारणा' लिहा ना. चूक कशाला म्हणायचं? आणि या सहाशे चाळीस घातल्या तर उशिरा निदानाचा आकडा केवढा वर जाईल. अकरा देश विचारतील, तुमचं काम बिघडलं का म्हणून." ती म्हणाली, "विचारू देत. विचारतील तर शोधतील." नकाशावाला मागे उभा होता. "मी धुराडं पाडायला केव्हाचा तयार आहे," तो म्हणाला. पत्र 'चूक' या शब्दासकट गेलं. वयस्क बायकांनी असल्या तक्रारी सांगितल्या तर तपासणीचं विचारावं, वय आहे तेच लिहावं, आणि एकोणसाठ वयाच्या जुन्या नोंदी पुन्हा पाहाव्यात, असं त्यात होतं. पहिलं उत्तर त्या टिंबवाल्याचं आलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने शब्द लिहिले होते: 'आमच्याकडे तेवीस सापडल्या. त्यांतल्या एकोणीस रोज गोळी घेत आहेत.' तिने ते छापून टेबलाच्या कडेला चिकटवलं.

पुढची यादी आली तेव्हा ती नेहमीसारखीच चहा घेऊन बसली होती. स्वतःच्या देशाची यादी तिने उघडली आणि खाली सरकत गेली. स्त्री, बासष्ट, एकशे चौसष्ट. ओळ कुठेही अडली नाही, इतरांसारखीच पुढे निघून गेली. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, पण तिला हलकं वाटलं, एवढंच. मधले दोन महिने सोपे नव्हते. पहिल्या पंधरवड्यात ताईला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, एका संध्याकाळी डॉक्टरही गप्प होत्या. पण खोकला गेला. जीभ स्वच्छ झाली. आता ताई मीठ कमी पडलं म्हणून कुरकुर करत होती, आणि ते ऐकायला ही हल्ली दिवसाआड जात होती.

तेवढ्यात फोन वाजला. "कामात आहेस?" ताई म्हणाली. "येताना जाड तपकिरी दोरा आण. आणि तूच ये लवकर, मला सुईत ओवता येत नाही. कोटाची शिवण उसवायला घेतलीय."

"घट्ट होतोय?"

"काखेत आवळतोय. बरं झालं कापड कातरलं नव्हतं."

"चारही उसवतेस?"

"छे गं. एकच, शेवटची," ताई म्हणाली. "बाकीच्या हळूहळू. घाई काय आहे."